कै. रे. नारायण वामन टिळक

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील मंडळ्यांत टिळकांची भजने आपण गातो. परंतु आपल्याच गावात परके होण्याचे दुःख त्या सत्पुरुषाने किती सोसले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात देतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच दिवशी गोत व जात त्यांना अंतरली. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू हेही काही वर्षे दुरावले. पुढे नगर हेच त्यांचे घर झाले.

येथे त्यांचे बंधुजन म्हणजे बहुतकरून महार व मांग समाजांतून आलेले लोक. गावाने त्यांस आधीच वेशीबाहेर ठेविले होते. आता नव्या धर्मामुळे ते साहेबाचे लोक ठरत. टिळकांस हे फार खुपे. ख्रिस्ताचा होणे म्हणजे महाराष्ट्राचा नाहीसा होणे नव्हे, असा त्यांचा निश्चय होता. म्हणून त्यांनी परकीय चालींच्या जागी अभंग व ओव्या रचिल्या, आणि टाळमृदंगाच्या साथीने कीर्तने केली. जे सूर गावाच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या होते, त्याच सुरांत गावाने शुभवर्तमान ऐकिले.

लक्ष्मीबाई परत आल्या, तेव्हा त्या सोवळे पाळीत व स्वयंपाक निराळा करीत. टिळकांनी त्यांजवर सक्ती केली नाही. राहुरी येथे राहात असता, जातिभेद देवाने नव्हे तर मनुष्याने केला, असे त्यांचे त्यांनाच उमगले, आणि कोणाच्याही हातचे पाणी त्या घेऊ लागल्या. पुढे १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या नगरच्या घरी बालकवी ठोमरे पुत्रवत् राहिले. त्यांस कोणी धर्म विचारिला नाही.

१९१७ साली मिशनचा पगार सोडून टिळकांनी साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेविला.

प्रिय वाचकहो, गावाने आपणांस आपले म्हणावे असे आपणांस वाटते, आणि तो आपला हक्कच आहे. परंतु आपल्या मंडळीत कोणाची पंगत अजून निराळी बसते काय? आपल्या शेजाऱ्याच्या मयतीस आपण जातो काय? टिळकांस गावाने दार उघडण्याआधी त्यांनी स्वतःचे दार उघडले होते. आपणही तेथूनच आरंभ करू या.