नेसमुकची पातळ सुरी

उंची ५ फूट ३ इंच, वजन पन्नास किलोंच्या आत, उतारवयात छाती अधू झालेली आणि पोटापाण्याचा धंदा जोडे शिवण्याचा. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा माणूस आज आपल्या वैद्यकीय तपासणीच्या रांगेत उभा राहिला असता, तर पहिल्याच टेबलावरून परत गेला असता. तरीही रानात हलके कसे चालावे, कोरडे कसे झोपावे आणि कमरेला काय बांधावे, हे अमेरिकेतल्या कित्येकांनी याच माणसाकडून शिकून घेतले. त्याच्या वाचकांना तो नेसमुक या टोपणनावाने ठाऊक होता.

दरवर्षी शिबिराची तारीख लागली की माझ्याकडे दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. छात्र विचारतात, सर, कोणता चाकू घेऊ? पालक विचारतात, चाकू द्यायलाच हवा का? शिबिराचे सामान माझ्या ताब्यात असते, त्यामुळे जमा झालेले चाकू मी पाहतो. पाठीवर करवतीचे दात असलेले, मुठीच्या टोकाला होकायंत्र बसवलेले, काळा रंग दिलेले, हातभर लांब. यातल्या निम्म्यांनी कांदाही धड चिरता येत नाही. दोन्ही प्रश्नांना मी आता एकच उत्तर देतो आणि सीअर्सची गोष्ट सांगतो. ती इथे लिहून काढली आहे.

सीअर्सचा जन्म २ डिसेंबर १८२१ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. गावाजवळ निपमक जमातीचे थोडे आदिवासी उरले होते. त्यांतल्या नेसमुक नावाच्या एका माणसाने या पोराला हाताशी धरले आणि रान वाचायला शिकवले. त्या नावाचा अर्थ रानबदकाचा नर. पुढे लेखनासाठी टोपणनाव घ्यायची वेळ आली तेव्हा सीअर्सने आपल्या त्या पहिल्या गुरूचेच नाव घेतले. लहानपणी त्याला सूतगिरणीत कामाला लावले होते. त्याचे लक्ष गिरणीपेक्षा तळ्याकाठी जास्त असे, यात नवल नाही. एकोणिसाव्या वर्षी, १८४१ मध्ये, तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर चढला. मिशिगनचे रान त्याने एकट्याने दहा दिवसांत ओलांडले. दोनदा ब्राझीलला गेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा, चाळिशी गाठत आलेली असताना, तो पेनसिल्व्हेनियाच्या ‘बकटेल’ पलटणीत भरती झाला. ही नेमबाजांची पलटण, टोपीला हरणाची शेपटी लावणारी. लष्करी आयुष्य मात्र त्याचे फार लांबले नाही. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावी घर, बायकोमुले, जोड्यांचे दुकान आणि संधी मिळेल तेव्हा रान, असे त्याचे आयुष्य गेले.

आता त्याच्या हत्यारांकडे येतो.

तो काळ बोवी चाकूच्या दबदब्याचा होता. जिम बोवी १८२७ मध्ये मिसिसिपी नदीच्या वाळवंटात झालेल्या एका मारामारीमुळे गाजला आणि १८३६ मध्ये अलामोच्या गढीत मारला गेला. त्याच्या नावाचा मोठा, जाड चाकू मग घरोघरी हवासा झाला. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारखान्यांनीही असे चाकू अमेरिकेला धडाधड पाठवले. सीअर्सला ही हत्यारे अजिबात पसंत नव्हती. दिसायला भयंकर, हातात अवजड आणि कामाला बिनकामाची, असे त्याचे साधारण मत. स्वस्त कादंबऱ्यांतल्या नायकाच्या पट्ट्यात ती शोभतील, शिकाऱ्याच्या नाही, अशी चेष्टाही त्याने केली आहे. पात्याच्या मधोमध उंचवटा ठेवलेल्या त्या जाड पात्यांवर त्याचा खास राग होता. त्याचे कारण समजायला सोपे आहे. पाते धारेपासून पाठीकडे झपाट्याने जाड होत गेले, की ते कापत नाही, पाचर ठोकल्यासारखे फाडते. बटाट्यावर जाड चाकू चालवून पाहा. चकती पडत नाही, बटाटा फुटतो.

त्याची स्वतःची सुरी पातळ होती. म्यानात घालायची, घडी न होणारी, टोकाकडे पाठीला किंचित कुबड असलेली. कातडे सोलायला, मांस कापायला आणि त्यानेच जेवायला. तिच्या जोडीला खिशात दोन पात्यांचा मजबूत घडीचा चाकू. आणि तिसरी, त्याच्या मते सर्वांत महत्त्वाची, खिशात मावेल अशी दुधारी छोटी कुऱ्हाड. तिची एक धार पातळ, लाकडासाठी. दुसरी जाड, गाठी आणि हाडांसाठी.

या कुऱ्हाडीची कथा मला फार आवडते. बारा वर्षांचा होण्याआधीच त्याला कळले होते की हलकी कुऱ्हाड हवी. दुकानातल्या सगळ्या जाती वापरून झाल्या. लोहारांकडून करवून घेतल्या, त्या तर सगळ्यांत वाईट निघाल्या. ना तोल, ना प्रमाण. शेवटी एका पावसाळी शनिवारी त्याने घरी बसून लाकडाचा नमुना कोरला. तो घेऊन बोटीने रोचेस्टर शहर गाठले आणि तिथे लोहाराकडे न जाता शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या कारागिराकडे गेला. पाते तयार व्हायला एक दिवस थांबला. तीन डॉलर पात्याचे, तीन डॉलर प्रवास आणि खर्चाचे, वर तीन दिवसांची मजुरी बुडाली. परत आल्यावर एका पावसाळी रविवारी हिकरीच्या लाकडाचा दांडा आणि चामड्याचे म्यान स्वतः तयार केले. गरीब मोच्याने एका हत्यारासाठी एवढे करावे! पण चामडे कापणाऱ्याचा हात रोज रापीवर असतो. धार म्हणजे काय, पोलादाला पाणी नीट दिले नाही तर काय होते, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागले नसणार. पातळ पात्यावरचा त्याचा भरवसा दुकानात बसूनच पक्का झाला असावा, हा अर्थात माझा कयास.

तीन हत्यारे ऐकून कुणी म्हणेल, मग हा हलका कसला? मेख इथेच आहे. तिघांनी कामे वाटून घेतली होती. लाकूड फोडायचे काम कुऱ्हाडीचे, म्हणून सुरी पातळ राहू शकली. बारीक कोरीव काम घडीच्या चाकूचे, म्हणून सुरीची धार शाबूत राहिली. एकाच चाकूने झाड तोडावे, डबा उघडावे, मासा साफ करावा आणि शत्रूही मारावा, असा हट्ट धरला की हाती येतो तो जाड, जड आणि कशालाच धड नसलेला चाकू. कोकणातल्या गड्याच्या कमरेला आकडीत कोयती असते आणि सुपारीसाठी अडकित्ता वेगळा असतो. कोयतीने सुपारी कातरायला तो जात नाही.

हलकेपणाचा प्रश्न सीअर्ससाठी हौसेचा नव्हता. १८८० च्या सुमारास त्याची छाती बिघडली होती आणि साठी जवळ आली होती. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरोंडॅक नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तळ्यांनी भरलेला. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना मधली वाट नाव खांद्यावर घेऊन चालावी लागते. पैसेवाले लोक त्यासाठी वाटाड्या ठेवत. सीअर्सकडे तेवढे पैसे नव्हते आणि दुसऱ्याच्या खांद्यावर रान पाहायची इच्छाही नव्हती. म्हणजे प्रश्न सरळ होता: ओझे त्याला झेपेल एवढे कमी करायचे, नाहीतर घरी बसून खोकायचे.

कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या नाव बांधणाऱ्याला त्याने हलक्या होड्या करायला लावल्या.  १८८३ सालची ‘सेरी गॅम्प’ नऊ फूट लांब आणि साडेदहा पौंड वजनाची, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेपाच किलो. डिकन्सच्या कादंबरीत या नावाची एक बाई आहे, ती पाणी घेत नाही. होडीनेही पाणी घेऊ नये म्हणून हे नाव. एकसष्ट वर्षांच्या सीअर्सने त्या होडीतून २६६ मैलांचा प्रवास केला, जवळपास ४३० किलोमीटर. होडी, जादा कपडे, झोपायची पिशवी, दोन दिवसांचा शिधा, कुऱ्हाड, गळ आणि पाठपिशवी मिळून त्याचे सगळे ओझे २६ पौंडांच्या वर गेले नाही. बारा किलोंच्या आत, होडीसकट! आपल्या मुलांच्या पाठपिशव्या मी दरवर्षी काट्यावर ठेवतो. आकडा इथे छापत नाही.

काटे-चमचे तो नेतच नसे. बर्च किंवा बीचच्या फांदीचा काटा, शिंपल्याच्या अर्ध्या कवचाला चिरलेली काडी लावून चमचा. चांगली सुरी असली की बाकीची कितीतरी भांडीकुंडी घरी राहतात.

‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकात त्याचे लेख येत. १८८४ मध्ये ‘वुडक्राफ्ट’ हे छोटे पुस्तक निघाले. रानात जाऊन हाल काढण्यात मर्दुमकी नाही, तिथे सुखाने राहता आले पाहिजे, हा त्याचा सूर. हाल काढण्यालाच कणखरपणा समजणाऱ्या आमच्यासारख्या खात्यातल्या माणसांनी तो जरा कान देऊन ऐकावा. पुस्तकात त्याच्या कुऱ्हाडीचे आणि दोन्ही चाकूंचे चित्र आहे, आणि त्या एका चित्रावरून आजही कारागीर ‘नेसमुक’ नावाच्या सुऱ्या घडवतात.

मग आपण काय घ्यावे? सीअर्सची सुरी जशीच्या तशी नको. त्याच्याजवळ कुऱ्हाड होती, आपल्या शिबिरात ती गटाला एकच असते. म्हणून मी थोडी जाडी जास्त सांगतो. पाते आपल्या तळहाताच्या रुंदीइतके किंवा थोडे मोठे, नऊ ते अकरा सेंटिमीटर. पाठीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. त्यापुढे ओझे वाढते आणि कापणे कमी होते. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले हवे. पोकळ मुठीत गळ, काड्या आणि होकायंत्र भरलेले चाकू दिसायला गमतीचे असतात, पण पाते आणि मूठ यांचा सांधा जोर पडला की तिथेच मोडतो, आणि मोडतो तेव्हा पाते कुणाच्या तरी हातात शिरते. पाठीवरचे करवतीचे दात लाकूड कापत नाहीत. फक्त अंगठा टेकवायची जागा खातात. साधे कार्बन पोलाद दगडावर लवकर पाजते पण गंजते. वापरून झाले की पुसून तेलाचा हात फिरवायची सवय असेल तर ते घ्या. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणि आळशी मंडळींनी स्टेनलेस घ्यावे.

मूठ मात्र दुकानात हातात धरूनच पाहायची. तर्जनीपासून करंगळीपर्यंत चारही बोटे बसली पाहिजेत, आणि ओल्या हातानेही घसरता कामा नये. म्यान उलटे करून हलवा. चाकू खाली पडला तर तो चाकू घेऊ नका. घडीचा घेत असाल तर पाते उघडल्यावर कुलूप लागते का ते पाहा. उरलेल्या पैशांत धार लावायचा दगड घ्या. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो निसटतो. शिबिरात टाके पडलेली बहुतेक बोटे मी बोथट चाकूनेच कापलेली पाहिली आहेत.

पालकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरकाम आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. वर सांगितलेली सुरी त्या मापाच्या निम्मीही नाही. विमानाने येणाऱ्यांनी ती तपासणीला द्यायच्या सामानात ठेवावी, हातातल्या पिशवीत नाही. शाळेत आल्यावर ती माझ्याकडे जमा होईल आणि शिबिराच्या दिवशी सही घेऊन परत मिळेल.

सीअर्स १ मे १८९० रोजी वेल्सबरोत वारला. तिथल्या एका डोंगराला आता नेसमुकचे नाव आहे. ‘सेरी गॅम्प’ संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. १९०६ मध्ये होरेस केफार्ट या ग्रंथपालाने रानवासावरचे आपले जाडजूड पुस्तक नेसमुकच्या स्मृतीला अर्पण केले. रोजच्या वापराची सुरी मात्र केफार्टने त्याच्यासारखी घेतली नाही. पाठ सरळ, कुबड नाही, मूठ लठ्ठ, अशी आपल्या हाताला बसेल ती वेगळी करवून घेतली.