एका तारेत अनेक संदेश: ‘बॉड’ या शब्दामागचा माणूस, एमिल बोदो

आजचा लेख एका माणसाच्या आयुष्याबद्दल आहे, पण सुरुवात माझ्या घरातल्या भिंतीपासून करतो.

आमच्या घराचं वायरिंग झालं तेव्हा हॉलमधून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या आतून फक्त एकच लॅन केबल टाकली गेली. पुढे त्या खोलीत कॉम्प्युटर आला, मग सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आला. जोडण्या दोन हव्यात आणि केबल एक. दुसरी केबल ओढायला गेलो तर पाइप कुठेतरी दबलेला. केबल पुढे सरकेचना. मग बाजारातून वीसेक मिनिटांत बसणारे दोन स्प्लिटर आणले आणि दोन्ही टोकांना लावले. काम झालं! दोन्ही उपकरणं चालू. आनंद मात्र रात्रीपर्यंतच टिकला. स्पीड टेस्ट केली तर माझा २०० एमबीपीएसचा प्लॅन, आणि कॉम्प्युटरवर ९५च्या वर आकडा जाईना.

कारण सोपं आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला दोनच जोड्या लागतात. उरलेल्या दोन रिकाम्या. स्प्लिटर त्या रिकाम्या जोड्या दुसऱ्या उपकरणाला देतो. पण गिगाबिट जोडणीला चारही जोड्या लागतात. म्हणजे मी केबल ‘शेअर’ केली नव्हती, तिचे दोन तुकडे करून वाटले होते. जमिनीची वाटणी झाली की दोघांच्या वाट्याला कमीच येतं, तसं.

मग खरं शेअरिंग कसं असतं? सगळ्या तारा सगळ्यांच्या, पण आळीपाळीने. हा विचार कुणी पहिल्यांदा नीट चालवून दाखवला हे शोधत गेलो आणि पोहोचलो थेट एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये, एका तारबाबूपाशी.

शेतकऱ्याचा मुलगा

ज्याँ-मोरिस-एमिल बोदो. जन्म ११ सप्टेंबर १८४५, फ्रान्सच्या ओत-मार्न भागातलं मान्यो हे गाव. वडील शेतकरी. शिक्षण म्हणाल तर गावातली प्राथमिक शाळा, बस्स. त्यानंतर वडिलांबरोबर शेतात राबणं. आज आपण ज्याच्या नावाचं एकक वापरतो त्याच्याकडे कुठलीही पदवी नव्हती, हे वाचून मी थोडा थांबलोच.

१८६९च्या सुमारास तो फ्रान्सच्या तारखात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागला. आधी मोर्सचं यंत्र शिकला, मग ह्यूजच्या छापणाऱ्या तारयंत्राचं चार महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं. १८७०ला प्रशियाबरोबर युद्ध सुरू झालं, त्यातही त्याने नोकरी बजावली. १८७२मध्ये तो पॅरिसला पुन्हा आपल्या टेबलावर आला.

ह्यूजचं यंत्र त्या काळात भारी मानलं जायचं. पियानोसारखी बटणं, आणि समोरच्या टोकाला थेट अक्षर छापून यायचं. दोन्ही टोकांना अक्षरांचं एकेक चाक एकाच वेगाने फिरत असायचं. हवं ते अक्षर समोर आलं की तारेतून विजेचा एक झटका जायचा आणि पलीकडे ते अक्षर उमटायचं. बोदोने हे यंत्र रोज चालवलं आणि त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. तारेतून वीज जाते ती क्षणभर. बाकी सगळा वेळ शेकडो किलोमीटरची महागडी तार नुसती पडून असते!

त्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचा संदेश पाठवला तर?

खात्याने त्याला यावर काम करायला प्रोत्साहन दिलं. फक्त एक अट, काम करायचं ते ड्यूटी संपल्यावर, स्वतःच्या वेळात.

यंत्र चालायचं कसं?

१७ जून १८७४ रोजी बोदोने पहिलं पेटंट घेतलं. त्याच्या पद्धतीचे दोन भाग आहेत, ते वेगवेगळे समजून घेऊ.

पहिला भाग, कोड. मोर्समध्ये काही अक्षरं छोटी तर काही लांबलचक. अशी असमान अक्षरं आळीपाळीने पाठवायची तर पाळी कधी संपणार हे कळणार कसं? म्हणून बोदोने प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीचं ठेवलं, पाच खुणांचं. प्रत्येक खूण दोनपैकी एक. २ गुणिले २ असं पाच वेळा केलं की ३२ प्रकार मिळतात. अंक आणि चिन्हांसाठी त्याने ‘शिफ्ट’ ठेवली, म्हणजे तीच बटणं पण अर्थ दुसरा. आपल्या कीबोर्डवरच्या शिफ्टचाच भाऊ. आज आपण याला पाच बिटचा कोड म्हणू.

ऑपरेटरपुढे पाचच बटणं असायची. तीन उजव्या हाताला, दोन डाव्या. आता गंमत बघा. तीन बटणांनी सात वेगळ्या खुणा होतात, आणि बोदोने त्या साती फ्रेंच स्वरांना देऊन टाकल्या. स्वर सगळे उजव्या हातात. व्यंजन असेल तेव्हाच डावा हात मदतीला. हे टेबलावर बसून बोटं दुखवून घेतलेल्या माणसालाच सुचणार.

दुसरा भाग, वितरक. एक गोल तबकडी, तिच्या कडेला धातूचे तुकडे, आणि त्यांवरून फिरणारा ब्रश. ब्रश मुख्य तारेला जोडलेला. पहिल्या पाच तुकड्यांना पहिल्या ऑपरेटरची पाच बटणं, पुढच्या पाचांना दुसऱ्याची, असं करत चार जण. ब्रश एक फेरी मारतो तेव्हा प्रत्येकाचं एक अक्षर तारेवर जातं. पलीकडच्या टोकाला अशीच तबकडी, तसाच ब्रश, त्याच वेगाने. तिथे ज्याचं अक्षर त्याच्याच यंत्रात जातं आणि कागदाच्या पट्टीवर छापलं जातं.

दोन्ही ब्रश एका सुरात फिरले तरच हे जमणार. एक जरा पुढे गेला की पहिल्याचा संदेश दुसऱ्याच्या पट्टीवर! म्हणून तबकडीवरचे काही तुकडे फक्त वेग जुळवण्यासाठी राखून ठेवलेले असायचे.

हिशोब करून पाहू. ब्रश मिनिटाला १८० फेऱ्या मारतो असं धरा. म्हणजे प्रत्येक ऑपरेटरची १८० अक्षरं. रिकामी जागा धरून एका शब्दाला सहा अक्षरं मोजली तर मिनिटाला ३० शब्द. चार जण मिळून १२०. तार मात्र तीच, एक.

यात माणसाचं काय व्हायचं? आपली पाळी येईपर्यंत बटणं अडकलेली असायची. मग ‘टक्’ असा आवाज यायचा, बटणं मोकळी व्हायची आणि तेवढ्यात पुढचं अक्षर दाबायचं. सेकंदाला तीन वेळा, तासन्‌तास. चुकलात तर पाळी रिकामी गेली. यंत्राच्या तालावर माणसाला नाचवणारी ही नोकरी होती, हेही नोंदवायला हवं.

श्रेय कुणाचं?

सगळं एकट्या बोदोने शोधलं असं म्हणणं बरोबर नाही. छापण्याची कल्पना ह्यूजची. फिरत्या वितरकाने वेळ वाटून देण्याची कल्पना बर्नार मेयरची, त्याने ती मोर्ससाठी वापरली होती. दोन चिन्हांच्या पाच-पाच जागांनी अक्षरं लिहिण्याची युक्ती तर फ्रान्सिस बेकनने सतराव्या शतकातच गुप्तलिपीसाठी मांडली होती. बोदोने हे तुकडे एकत्र बसवून रोज चालणारं यंत्र केलं.

पण मिमो नावाच्या आणखी एका संशोधकाने १८७४मध्येच पाच खुणांचं यंत्र मांडलं होतं. १८७७ला त्याने बोदोवर दावा ठोकला. न्यायालयाने आधी मिमोच्या बाजूने कौल दिला, पुढे तो रद्द झाला आणि खर्चही मिमोच्याच अंगावर आला. त्यानंतर मिमोचं संतुलन ढळत गेलं. भरपाईची मागणी फेटाळल्यावर त्याने तारखात्यातले संशोधनप्रमुख ज्यूल रेनो यांचा गोळी घालून खून केला. एका कोडच्या श्रेयावरून एक जीव गेला आणि दुसऱ्याच्या वाट्याला सक्तमजुरी आली.

पदक विकलं

१२ नोव्हेंबर १८७७ रोजी पॅरिस ते बोर्दो या तारेवर बोदोच्या यंत्राची चाचणी झाली. त्याच वर्षअखेर पॅरिस-रोम ही सुमारे १७०० किलोमीटरची तार त्याच्या यंत्रावर चालू लागली. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. जगभर नाव झालं.

खिसा मात्र रिकामा. संशोधनाचा खर्च तो स्वतःच करत होता, खात्याकडून मदत फारच थोडी. १८८०मध्ये त्याला तेच सुवर्णपदक विकावं लागलं. पुढे बढत्या मिळाल्या, १८८२ला तो निरीक्षक-अभियंता झाला, सरकारी सन्मानही आले. पण तब्येतीने साथ दिली नाही. नोकरीच्या सुरुवातीपासूनच दुखणी मागे होती. जानेवारी १८९०मध्ये त्याने लग्न केलं आणि तीनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, पत्नी वारली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पॅरिस, व्हान आणि लोरियाँ ही तीन शहरं एका तारेवर जोडली. १८९४ला पॅरिस आणि मिलान इथले शेअर बाजार. त्या माणसाने दुःख कुठे ठेवलं असेल माहीत नाही, काम मात्र थांबवलं नाही. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो इथे तो गेला. वय ५७.

पुढे त्याची पद्धत अनेक देशांत पसरली. आपल्या तारखात्यातही बोदो यंत्रं खडखडत होती. १९२६मध्ये संकेतांच्या वेगाच्या एककाला त्याचं नाव दिलं गेलं, बॉड.

बॉड म्हणजे बिट नव्हे

आर्डुइनो वापरणाऱ्यांनी सिरियल मॉनिटरमध्ये ९६०० बॉड निवडलं असेल. बॉड म्हणजे सेकंदाला किती खुणा जातात. एका खुणेत एकच बिट असेल तर बॉड आणि बिट सारखे. पण जुन्या मोडेमपैकी काही ६०० बॉडवर चालून २४०० बिट पाठवायचे, कारण प्रत्येक खुणेत चार बिट भरलेले असायचे.

पुन्हा माझ्या भिंतीपाशी

शेवटी मी स्प्लिटर काढून टाकले. दोन्ही टोकांना व्हीलॅन चालणारे छोटे मॅनेज्ड स्विच बसवले. आता चारही जोड्या दोन्ही जोडण्यांच्या. प्रत्येक पाकिटावर नंबर लावलेला असतो, त्यावरून पलीकडचा स्विच ते योग्य पोर्टला देतो. बोदोच्या पद्धतीत पाळी ठरलेली. कुणी बटण दाबलं नाही तर ती वाया. इथे ज्याच्याकडे डेटा आहे तो जातो, म्हणून नंबर लागतो. दोघांनी एकदम घाई केली तर थोडं थांबावं लागतं, एवढाच तोटा.

ठरलेली पाळी मात्र संपलेली नाही. तुमच्या घरात फायबर असेल तर एकच फायबर पुढे फाटे फुटून अनेक घरांत जातो. तुमचा अपलोड कधी पाठवायचा हे एक्स्चेंजमधलं यंत्र ठरवतं, आणि भिंतीवरची ती छोटी पांढरी डबी आपली पाळी येईपर्यंत गप्प बसते. पाळी आली की पाठवते, पुन्हा गप्प. फक्त आता ‘टक्’ ऐकू येत नाही, आणि त्याच्या तालावर कुणाची बोटं दुखत नाहीत.

तेव्हा केबल कमी पडली तर भिंत फोडण्याआधी आधी एवढं तपासा, ती खरंच भरली आहे की नुसती रिकामी बसली आहे. त्या तारबाबूने तेवढंच तर पाहिलं होतं.