अनुताई वाघ : एक्कावन्नाव्या वर्षी बी.ए. झालेल्या प्राथमिक शिक्षिका



आपल्या शिक्षक मंडळींत हल्ली एक प्रश्न सारखा निघतो. डीएड होऊन दहा-बारा वर्षं झाली, नोकरी चालू आहे, घरी मुलं लहान आहेत. आता या वयात मानसशास्त्र घेऊन, समुपदेशन शिकण्यासाठी बी.ए.ला प्रवेश घ्यावा का? पगारात लगेच काही फरक पडणार नाही, मग कशाला हा खटाटोप? मी स्वतः तिशीत आहे, डीएड आहे, त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. पण आज माझं मत बाजूला ठेवते आणि अनुताई वाघांचं चरित्र सांगते. आपण मुलांना त्यांची ओळख 'आदिवासी मुलांच्या ताई' एवढीच करून देतो. त्या आधी आपल्यासारख्याच प्राथमिक शिक्षिका होत्या, हे मात्र राहून जातं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. तेरा वर्षं म्हणजे आपल्या सातवी-आठवीतली मुलगी, बघा. त्या काळात अशा मुलीपुढे स्वयंपाकघराचा कोपरा, एवढंच ठरलेलं असायचं. अनुताई शिकत राहिल्या. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल पास झाल्या, १९२९ मध्ये पुण्यात प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण केलं. आजच्या डीएडसारखंच ते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड-पिंपळगाव भागात काही वर्षं शिकवलं, मग पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. दिवसा शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत बसायचं, अशी त्यांनी मॅट्रिक केली.

इथपर्यंत एका कष्टाळू बाईची गोष्ट आहे. अशा बाया आपल्याकडे पुष्कळ होत्या. वळण आलं १९४५ मध्ये. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई वयाने अठरा वर्षांनी मोठ्या, १९१४ च्या बी.ए., गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेल्या. त्यांना खेड्यात बालवाडी काढायची होती आणि जोडीला माणूस हवं होतं. अनुताईंनी पुण्यातली पक्की नोकरी सोडली आणि बोर्डीला गेल्या. बोर्डी डहाणू तालुक्यात, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात.

बालवाडी काढली, पण मुलं येईनात. आता इथे जरा थांबू या, कारण माझ्या दृष्टीने सगळं चरित्र या एका जागेत आहे.

मुलं येत नाहीत म्हटल्यावर आपण काय करतो? हजेरीपटावर 'गै' लिहितो. फार तर पालकांना फोन लावतो. तोही बहुतेक वेळा जाब विचारायला. ताराबाई आणि अनुताई वस्तीवर गेल्या आणि मुलं का येत नाहीत ते पाहिलं. आईबाप पहाटे मजुरीला जातात, पोराला तयार करून पाठवणारं घरी कुणी नाही. मग बालवाडीच अंगणात नेली. सोयीची वेळ बघायची, मुलांची नखं कापायची, केस विंचरायचे, अंघोळ घालायची आणि मग बिया, शंख-शिंपले, पानं, माती यांच्याशी खेळत शिकवायचं. ही अंगणवाडी. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्या कितीतरी आधीची.

पुढे १९५६-५७ च्या सुमाराला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलं. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंड आहे. मग शाळेलाच पाळणाघर जोडलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, ती विकासवाडी. मुलगा येत नाही, कारण तो गुरं राखतो. मग शिक्षक पिशवी घेऊन कुरणात गेले. ती कुरणशाळा. प्रत्येक वेळी आधी कारण समजून घेतलं, मग शाळा बदलली. मुलाला दोष दिला नाही, आईबापालाही नाही.

आमच्या गुलमंडीवरचं सांगते. लग्नसराई आली, दिवाळी आली की माझ्या वर्गातली चार-पाच मुलं गायब होतात. कुणाच्या वडलांची हातगाडी आहे, कुणाची आई साडीच्या दुकानात कामाला जाते आणि घरी लहान बाळ असतं. शाळा सुपारी हनुमानापासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे मुलं काही दूर राहतात असंही नाही. कोसबाडचं कुरण आणि गुलमंडीची हातगाडी यात मला तरी फार फरक वाटत नाही.

आता पदवीचं. अनुताई १९६१ मध्ये बी.ए. झाल्या, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तोवर अंगणवाडी झाली होती, विकासवाडी उभी होती. नोकरीत बढती मिळण्यासारखं कोसबाडला काही नव्हतं. तीसहून अधिक वर्षं शिकवून झाल्यावर ही बाई परीक्षेला बसते, याचं मला जास्त अप्रूप वाटतं. पदवी नसल्यामुळे त्यांचं काम अडलं नव्हतं. आणि काम जमतंय म्हणून त्यांनी शिकणंही थांबवलं नाही.

समुपदेशनाच्या अभ्यासात पहिल्यांदा शिकवतात ते हेच : समोरच्याचं पूर्ण ऐकायचं, मधेच उपदेश करायचा नाही, त्याची गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. शेवटचं फार महत्त्वाचं. बी.ए. झालो म्हणजे आपण मानसोपचारतज्ज्ञ झालो असं होत नाही, आणि पालकांनीही तसं समजू नये. पण मूल गप्प का झालं, रोज पोट दुखतं असं का म्हणतं, हे ओळखणारं शाळेतलं पहिलं माणूस वर्गशिक्षकच असतं. डीएडला मानसशास्त्र असतं, पण परीक्षेपुरतं वाचून आपण पुढे गेलेलो असतो. दहा वर्षं वर्गात काढल्यावर तेच पुस्तक उघडलं, तर प्रत्येक पानावर आपल्याच वर्गातलं एखादं मूल दिसतं. म्हणून मला वाटतं, उशिरा शिकणाऱ्याचा तोटा नसतो.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर कोसबाडचा सगळा भार अनुताईंवर आला. 'शिक्षणपत्रिका' चालवणं, बालवाडीच्या कार्यकर्त्या तयार करणं, लेखन, सगळं चालू होतं. पद्मश्री मिळाली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मकथन आहे. मोठ्या सुट्टीत जरूर वाचा, पालकांनीही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात हा पाठ घ्याल तेव्हा सनावळी पाठ करून घेऊ नका. मुलांना एवढंच विचारा, आपल्या वर्गात आज कोण आलं नाही, आणि का आलं नसेल? माझ्या चौथीच्या मुलांनी याची जी उत्तरं दिली, त्यातली निम्मी मला माहीतच नव्हती.