बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस बाजाराचे गाव पायीच गाठावे लागत असे. म्हणून पायांच्या बळावर सातासमुद्रापलीकडे गेलेल्या एका पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगतो. ते बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होत.

इ. स. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. धावणारे बहुतेक खेड्यापाड्यांतील शेतकरी. पायांत वहाण नाही, कोणी गुरू नाही, धावण्याचे शास्त्रही त्यांस ठाऊक नव्हते. तथापि सर दोराबजी टाटा ह्यांनी त्यांच्या वेळा पाहिल्या, तेव्हा त्या युरोपातील वेळांच्या फारशा मागे नाहीत असे त्यांस आढळले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या मध्यस्थीने ऑलिंपिक सामन्यांत हिंदुस्थानास प्रवेश मिळाला. टाटांनी पदरचे द्रव्य दिले. सरकारने व लोकांनीही हातभार लावला. निवडलेल्या मंडळींत चौगुले होते. कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्लही होते. काही आठवडे इंग्लंडात सराव करून ही मंडळी बेल्जम देशातील अँटवर्प नगरास गेली.

ता. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉनची शर्यत झाली. तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते; ऑलिंपिकमध्ये ह्याहून लांब मॅरेथॉन कधी झालेली नाही. पडेगावाहून निघून वेरूळ गाठावे आणि परतीचीही बरीच वाट तोडावी, इतके ते अंतर! तेही न थांबता, परक्या हवेत, धावतच. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. चौगुले ह्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पुरी केली. त्यांचा क्रमांक १९ वा लागला. साताऱ्याचे सदाशिव दातार हेही त्याच शर्यतीत उतरले होते.

एकोणिसाव्या क्रमांकास पदक नसते. शिवाय त्या काळी हे सामने केवळ हौशी खेळाडूंचे असत. धावण्याबद्दल पैसा घेणारास तेथे थारा नव्हता. तेव्हा धन नाही व पदक नाही, अशा स्थितीत हा पुरुष इतक्या दूर कशासाठी धावला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पुढच्यांसाठी वाट पडली ती अशाच पावलांनी. इ. स. १९२४ साली पॅरिसच्या सामन्यांसही हिंदी खेळाडू गेले, इ. स. १९२७ साली इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन होऊन टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

वाचकहो, पहिला येणाराचे नाव जग लक्षात ठेवते, व ते योग्यच आहे. परंतु आपल्या मुलांस शर्यतीस पाठविताना चौगुले ह्यांचेही नाव सांगावे. अठरा जण पुढे गेले असताही ज्याने वाट सोडली नाही, त्याचे धावणे व्यर्थ गेले असे आम्हांस वाटत नाही.