धनंजयराव गाडगीळ आणि पाहणीचे शास्त्र

धनंजयराव गाडगीळांचे नाव पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांमुळे घरोघर पोचले. आपल्या भंडारा जिल्ह्यात ऊस थोडा आणि धान फार. त्यामुळे आपल्याकडे हे नाव बहुधा अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून येते आणि परीक्षेबरोबर विस्मृतीत जाते. मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले ते निराळ्या कारणाने. जिल्ह्यातील महाविद्यालयांची पाहणी करण्याचे आमच्या वर्गाने ठरविले आहे. तिची आखणी करताना मी धनंजयरावांचे चरित्र वाचावयास घेतले, आणि पाहणी कशी करावी हे शिकविणारा याहून चांगला गुरू मराठी मुलखात मिळणे कठीण, अशी माझी खात्री झाली.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. पण बालपण आणि शाळा नागपूरची, म्हणजे एका अर्थाने ते आपल्याकडचेच. पुढे ते केंब्रिजला गेले. भारतातील उद्योगधंद्यांच्या वाटचालीवर त्यांनी तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडा काळ नोकरी केली आणि १९२५ ते १९३० या काळात सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९३० साली रावबहादुर काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, सलग ३६ वर्षे, त्या पदावर राहिले.

त्या काळी अर्थशास्त्र शिकावयाचे ते इंग्रजी ग्रंथांतून, आणि आकडे मिळावयाचे ते सरकारी अहवालांतून. जनगणना दर दहा वर्षांनी होई. मधल्या काळात लोक काय खातात, काय कमावतात, कोणाचे देणे लागतात, हे नेमकेपणाने सांगता येत नसे. धनंजयरावांनी संशोधकांना ग्रंथालयाबाहेर काढले. पुण्याचा फळबाजार, मोटार वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीचा हिशेब असे वरवर साधे दिसणारे विषय त्यांनी घेतले. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९३६-३७ च्या सुमारास झाली. प्रत्येक घरी जाणे शक्य नव्हते, म्हणून कुटुंबांचा नमुना निवडण्यात आला. मात्र या पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये छापून आला. गणकयंत्रे नसलेल्या त्या दिवसांत हा विलंब समजण्यासारखा आहे. तरीही मी त्यातून एक बोध घेतला आहे : जेवढी उत्तरे वेळेत मोजून होतील तेवढेच प्रश्न विचारावेत.

शिक्षणाच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावे असे त्यांचे काम म्हणजे सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या. वि. म. दांडेकर यांच्यासह केलेले हे अहवाल १९५५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. मुले शाळेतून का गळतात, एकाच इयत्तेत का रखडतात आणि शाळा सोडलेली माणसे काही वर्षांनी पुन्हा निरक्षर होतात काय, हे त्यांतील प्रश्न. पटावरची संख्या पाहून समाधान मानणाऱ्याला हे प्रश्न सुचणारच नाहीत. त्यांची उत्तरे मिळवावयाची तर शाळा सोडून गेलेल्यांपर्यंत जावे लागते.

आपल्या पाहणीचे मर्म मला येथेच सापडले. आज वर्गात बसलेल्या मुलामुलींनाच प्रश्नावली दिली, तर महाविद्यालयीन शिक्षण ज्यांना झेपले त्यांचेच म्हणणे आपल्या कानी येईल. लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातील एखादी मुलगी प्रथम वर्षानंतर का आली नाही, एस.टी.ची वेळ जमली नाही, रोवणीला हात कमी पडले, की लग्न ठरले, हे तिच्या घरी गेल्यावाचून कळणार नाही. केंद्र सरकारचे उच्च शिक्षणाचे सर्वेक्षण २०१०-११ पासून होत आहे. त्यात संस्था आपापली माहिती स्वतः भरतात, त्यामुळे पटसंख्या मिळते. गेलेल्यांची कथा मिळत नाही.

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीत धनंजयराव होते. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि १ लाख २७ हजारांहून अधिक कुटुंबे असा तिचा पसारा होता. सर्व कुटुंबांना थोडे प्रश्न आणि निवडक शेतकरी कुटुंबांना तपशीलवार प्रश्न, अशी तिची दुहेरी रचना होती. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के असल्याचे तीतून उघड झाले. धनंजयराव सहकाराचे कट्टर पुरस्कर्ते होते. विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगर कारखान्याच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. तरी आपल्या आवडत्या चळवळीविरुद्ध जाणारा आकडा झाकला गेला नाही. उलट, सहकार वाढविण्यासाठी काय करावे याचा विचार त्या आकड्यापासूनच सुरू झाला.

१९६६-६७ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राचे साहाय्य वाटण्याचे त्यांचे सूत्र १९६९ मध्ये स्वीकारले गेले. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता आणि उरलेला दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांच्या विशेष अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. कोणास किती मिळावे हे दिल्लीतील वजनावर न ठरता मोजमापावर ठरावे, हा त्यामागील हेतू. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आमच्या आखणीविषयी. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हा जुन्या याद्या बाजूस ठेवून आजच्या सात तालुक्यांतील महाविद्यालयांची नवी यादी करावी लागेल. महाविद्यालये मोजकी असल्याने ती सर्व घ्यावीत. विद्यार्थ्यांचा मात्र नमुना काढावा, आणि तोही ओळखीपाळखीने नव्हे, तर हजेरीपटावरून ठराविक अंतराने. अनुदानित व विनाअनुदानित, शहरातील व खेड्यातील असे गट आधी पाडावेत. हजेरी मोजण्याचा दिवस रोवणी-कापणीच्या ऐन हंगामातलाच धरू नये आणि तो टाळूनही चालणार नाही. दोन वेळा मोजावी. तीन वर्षांपूर्वीच्या प्रवेशनोंदीवरून शिक्षण सोडलेल्यांची यादी करून त्यांतील काहींच्या घरी जावे. प्रश्नावली आधी वीस-पंचवीस जणांवर पारखून घ्यावी. कोणाचेही नाव अहवालात येणार नाही, हे प्रत्येकास अगोदर सांगावे.

या कामातून आपल्या महाविद्यालयाविषयी काही अप्रिय गोष्टीही बाहेर येतील. त्या छापाव्यात की नाही, यावर आमच्या वर्गात आजही दोन मते आहेत. माझे मत पतपाहणीच्या त्या ३ टक्क्यांनी ठरविले : छापाव्यात. प्राध्यापकवर्गाने आम्हांस नोंदवह्या पाहू द्याव्यात आणि विद्यार्थिमित्रांनी आपापल्या गावचे पत्ते शोधून द्यावेत, एवढी विनंती आहे.