जॉर्ज सायमन ओहम : विजेचे माप घेणारा शाळामास्तर

खालापूर तालुक्यातील खोपोली येथे घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली आणून १९१५ साली टाटांच्या वीजगृहात वीज उत्पन्न होऊ लागली. पुढे १९२२ साली कर्जतजवळ भिवपुरी येथे तसेच दुसरे केंद्र उभे राहिले. ही वीज तारांनी थेट मुंबईपर्यंत न्यावयाची, तर वाटेत तिचा दाब किती उतरेल, याचा हिशेब आधी कागदावर मांडावा लागतो. या हिशेबाच्या मुळाशी असलेला नियम एका शाळामास्तराने शोधून काढला. त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहोत.

ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे करणारे कारागीर होते. त्यांस शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. तथापि स्वकष्टाने शास्त्रांचा अभ्यास करून त्यांनी आपल्या मुलांस घरी गणित शिकविले. जॉर्ज दहा वर्षांचा असता त्याची आई वारली. सोळाव्या वर्षी तो विश्वविद्यालयात गेला, परंतु नाच, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरखेळ यांतच त्याचे दिवस जाऊ लागले. वडील संतापले व त्यांनी त्याला स्वित्झर्लंडात धाडले. (पालकांनी एवढे वाक्य पुनः वाचावयास हरकत नाही.) तेथे एका शाळेत गणित शिकवीत त्याने आपला अभ्यास सावरला, आणि १८११ साली डॉक्टरची पदवी मिळविली.

१८१७ साली तो कोलोन येथील जुन्या जेसुइट विद्यालयात शिक्षक झाला. तेथील प्रयोगशाळा चांगली होती, आणि बापाच्या हाताखाली शिकलेले कारागिरीचे काम उपकरणे तयार करताना त्याच्या उपयोगी पडले. तार लांब केली असता प्रवाह किती कमी होतो, हा त्याचा प्रश्न. प्रश्न दिसावयास साधा, पण त्या वेळच्या विद्युद्घटाचा जोर क्षणोक्षणी ढळत असे. १८२५ साली त्याने घाईने एक नियम प्रसिद्ध केला, तो चुकीचा निघाला. कच्चा दोष त्या अस्थिर घटात होता. तेव्हा पोगेनडॉर्फ या विद्वानाच्या सूचनेवरून त्याने घट बाजूस ठेवला व तांबे आणि बिस्मथ यांचा जोड घेतला. या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेविले म्हणजे दाब स्थिर राहतो. मग निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक लावून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून त्याने प्रवाह मोजला. या वेळी आकडे जुळले. दाबास एकंदर रोधाने भागावे, म्हणजे प्रवाह येतो. आणि या एकंदरीत बाहेरील तारेबरोबर उगमाचा स्वतःचा रोधही धरावयाचा.

प्रयोगशाळेतील डिजिटल मल्टिमीटर हाती घेणाऱ्याने हा नियम विसरू नये. दाब मोजताना त्याच्या दोन सळया मंडलाच्या दोन बिंदूंवर बाहेरून टेकवावयाच्या; त्या वेळी यंत्राचा रोध अतिशय मोठा असल्याने त्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही. प्रवाह मोजावयाचा असता मात्र मंडल तोडून यंत्र मध्ये घालावयाचे, आणि आता त्याचा रोध नाममात्र असतो. याच स्थितीत सळया कोणी थेट बॅटरीच्या दोन टोकांस लावल्या, तर भागाकारातील भाजक शून्याजवळ जातो, प्रवाह उसळतो आणि यंत्रातील फ्यूज जळतो. दीड व्होल्टचा घट व तीन ओहमचा रोध घेतल्यास अर्धा अँपिअर वाहील, हे आधी तोंडी काढावे व मग यंत्राकडे पाहावे. घटाच्या स्वतःच्या रोधामुळे आकडा किंचित कमी दिसेल. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर हे प्रयोग करू नयेत.

१८२७ साली ओहमने आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यासाठी अर्ध्या पगाराची रजा घेऊन तो बर्लिनला राहिला होता. मान मिळेल, विश्वविद्यालयात जागा मिळेल, अशी त्याची आशा होती. मिळाली ती बहुतांशी उपेक्षा. निसर्गाचे नियम गणिताने मांडणे हेच कित्येक जर्मन पंडितांस रुचत नव्हते. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या शाळेत त्याला बरी जागा मिळाली. त्याची खरी कदर प्रथम परदेशात झाली : १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक अर्पण केले. म्यूनिच विश्वविद्यालयातील प्राध्यापकपद १८५२ साली पदरात पडले, तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. अवघ्या दोन वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, तो मरण पावला. त्याने विवाह केला नव्हता.

१८८१ साली पॅरिस येथील विद्युत्परिषदेने व्होल्ट व अँपिअर यांच्याबरोबर रोधाच्या मापास ओहम हे नाव कायम केले. रोमन लिपीतील त्याच्या नावाचे आद्याक्षर शून्यासारखे दिसते, म्हणून चिन्ह ग्रीक लिपीतले, घोड्याच्या नालासारखे घेतले. मल्टिमीटरच्या तबकडीवर ते सापडेल.