यूजेन-मेल्किओर पेलिगो

यूजेन-मेल्किओर पेलिगो (१८११, पॅरिस – १८९०, पॅरिस) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. युरेनियम हा धातू सर्वप्रथम वेगळा करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. द्रावकाच्या साहाय्याने धातूची संयुगे शुद्ध करण्याच्या पद्धतीचे ते एक आद्य प्रवर्तकही मानले जातात.

कारकीर्द

पेलिगो हे ज्यां-बाप्तिस्त द्यूमा यांचे सहकारी होते. या दोघांनी १८३४-३५ च्या सुमारास लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या मद्यार्काचा अभ्यास करून मिथिल संयुगांची ओळख पटवली. पुढे पेलिगो पॅरिसच्या कला व उद्योगविषयक राष्ट्रीय संस्थेत प्राध्यापक झाले. तेथील टांकसाळीत त्यांनी धातुपरीक्षणाचेही काम केले. १८५२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. काचेचा इतिहास व निर्मिती यांवरील त्यांचा ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

युरेनियमचे संशोधन

मार्टिन क्लाप्रोट यांनी १७८९ मध्ये युरेनियमचा शोध लावला; मात्र त्यांना मिळालेला काळा पदार्थ धातू नसून ऑक्साईड होता. हा गैरसमज अर्धशतक टिकला. पेलिगो यांनी युरेनियमच्या क्लोराईडचे विश्लेषण केले, तेव्हा १०० भाग क्लोराईडमधून घटकांचे सुमारे ११० भाग मिळाले. या विसंगतीला प्रयोगातील चूक न मानता, ज्याला सर्वजण धातू समजत होते त्यातच ऑक्सिजन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८४१ मध्ये त्यांनी प्लॅटिनमच्या मुशीत युरेनियम टेट्राक्लोराईड व पोटॅशियम तापवून खरा धातू मिळवला.

ईथरद्वारे शुद्धीकरण

युरेनियमच्या खनिजात लोहासारखे इतर धातूही असतात. युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये विरघळते, या गुणधर्माचा उपयोग पेलिगो यांनी १८४२ च्या सुमारास शुद्धीकरणासाठी केला. बहुतेक इतर धातूंची नायट्रेटे ईथरमध्ये जात नाहीत. येथे द्रावणातील आम्लाची निवड निर्णायक ठरते. जे. डब्ल्यू. रोथे यांनी १८९२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातून ईथर फेरिक क्लोराईड मोठ्या प्रमाणात शोषून घेते. म्हणजेच नायट्रेट द्रावणात मागे राहणारे लोह क्लोराईड द्रावणात ईथरमध्ये उतरते. कोणता धातू कोणासोबत द्रावकात जाईल, हे अशा रीतीने भोवतालच्या आयनांवरही अवलंबून असते.

प्रभाव

पेलिगो यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८९६ मध्ये, आंरी बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांत किरणोत्सर्ग आढळला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेतील सेंट लुइस येथे युरेनियमच्या शुद्धीकरणासाठी ईथरचीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ईथर ज्वालाग्राही असल्यामुळे नंतर त्याची जागा ट्रायब्यूटिल फॉस्फेटने घेतली. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९६० च्या दशकात सुरू झालेल्या प्लुटोनियम संयंत्रातही याच द्रावकावर आधारित प्रक्रिया वापरण्यात आली. पोटॅशियम क्लोरोक्रोमेट हा क्षार आजही पेलिगोचा क्षार म्हणून ओळखला जातो.